पितळेमागचा राऊटर

वायफायला कुलूप असतं हे मला घरात राऊटर आला तेव्हा कळलं. तोवर माझी समजूत अशी, की ते हवेतून येतं आणि ज्याच्या अंगणात येईल त्याचं. नागपूरच्या ज्या ऑफिसचं काम मी भंडाऱ्याला घरी बसून करत होते, तिथल्या मॅडमनी ही समजूत फोनवरच मोडून काढली. डॉक्टरांनी बोलून ठेवलेल्या नोंदी ऐकून टाइप करायच्या, असं ते काम. त्यात लोकांच्या दुखण्याखुपण्याची माहिती. म्हणून वायफाय वापरायचं तर कुलूपबंद हवं, आणि कुलूपही नव्या पद्धतीचं. महिनाभर मला पारखून बघणार होते. जमलं तर काम घरूनच, नाही तर रोज बसने नागपूर.

नागपूर काही परदेश नाही. पण सासूबाई खुब्याचं हाड मोडून आतल्या खोलीत खाटेवर होत्या आणि नवऱ्याची नोकरी लाखांदूरला. तो शनिवारी येई. मी सकाळची बस धरली असती तर त्यांना पाण्याचा घोट द्यायलाही घरात कोणी उरलं नसतं. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. मॅडमचा फोन आला की मी बाहेरच्या ओट्यावर जाऊन बोलायचे.

सुरुवातीला मी पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात, टेबलाशी बसायचे. लॅपटॉप तारेने जोडलेला. आईंची हाक आली (सासूबाईंना मी आईच म्हणायचे) की हेडफोन काढा, आत जा, उशी सरकवा, परत या, ऐकलेलं पुन्हा ऐका. काम मागे पडू लागलं. मॅडमचा आवाज दिवसेंदिवस गोड होत चालला, आणि मला त्याचीच जास्त धास्ती वाटायची. तार आत ओढावी तर ती उंबरठ्यावरून जाणार आणि उद्या आई वॉकर धरून उठल्या की पायात येणार. नवऱ्याने साफ नाही म्हटलं. मग बिनतारी राऊटर आणला, पुढच्या खोलीत आतल्या दारासमोर फोनची फळी होती तिच्यावर ठेवला, कुलूप घातलं आणि लॅपटॉप उचलून आईंच्या खाटेशी जाऊन बसले.

लागेना.

लॅपटॉपचं म्हणणं एकच: जोडता आलं नाही, किल्ली, म्हणजे पासवर्ड, तपासा. मी किल्ली पुन्हा टाइप केली. एकेक अक्षर मोठ्याने म्हणत टाइप केली. आई खाटेवरून लक्ष देऊन ऐकत होत्या. घरातल्या सगळ्या किल्ल्या आयुष्यभर त्यांच्याच कमरेला.

"काहून व, लागून नाही रायलं काय?"

"किल्ली चुकते म्हणतंय, आई."

"मंग कुलूपच बदलव. आन नवी किल्ली मले सांगून ठेव. घराची किल्ली मले मालूम पायजे."

कुलूप बदललं. राऊटरच्या पानावर कुलपांचे निरनिराळे प्रकार होते. जुना, नवा, दोन्ही मिळून एक. प्रत्येक लावून पाहिला. कधी क्षणभर जोडायचं, मी "लागलं!" म्हणून ओरडायचे, आणि आईंनी "काय लागलं?" विचारेपर्यंत गेलेलं असायचं. काळजी होतीच. पण खरं सांगायचं तर मला त्या गोष्टीचा नाद लागला. चालत नाही हे एक वेळ परवडतं. का चालत नाही हे कळलं नाही की मला जेवण जात नाही.

मग मी लॅपटॉप पुढच्या खोलीत नेला, तार न लावता. तीच किल्ली घातली. लागलीच जोडला गेला! आत आणला, तुटला. एकच किल्ली पुढच्या खोलीत लागते आणि आतल्या खोलीत लागत नाही, असलं कुलूप मी जन्मात पाहिलं नव्हतं.

शेवटी, ऑफिसचं काहीही न उघडता, मी घटकाभर कुलूपच काढून टाकलं. दार सताड उघडं. आत जाऊन पाहिलं तर तरीही लागेना. इथे मला एकदम हुशारल्यासारखं वाटलं. म्हणजे कुलूप निर्दोष, किल्लीही निर्दोष. दार उघडं असून पाहुणा आत येत नसेल, तर तो दारापर्यंत पोचतच नसणार. लॅपटॉप आणि राऊटर आधी आपसात किल्लीची विचारपूस करतात. ती अर्ध्यातच तुटत होती आणि लॅपटॉप खापर किल्लीवर फोडत होता. मी कुलूप होतं तसं लावून टाकलं आणि लॅपटॉप परातीसारखा दोन्ही हातांवर धरून घरभर हिंडायला लागले.

"कोनाले ओवाळून रायली व?" आई म्हणाल्या.

टेबलाशी नीट चाले. स्वयंपाकघरातही चाले, आणि ते तर लांब. फळीच्या अगदी समोर, आतल्या खोलीच्या दारात मात्र सिग्नलच्या पट्ट्या धडाधड उतरत. जवळ यावं तितकं वाईट. खाटेवर काय होतं ते पाहावं म्हणून मी लॅपटॉप आईंच्या उशाशी ठेवला, स्वतः त्यांच्या शेजारी आडवी झाले आणि दारातून फळीकडे पाहिलं.

राऊटर दिसतच नव्हता. दिसत होतं ते पितळ.

दवाखान्यातून घरी आल्यावर काही दिवसांनी आईंनी भांडी घासणाऱ्या बाईकडून आपलं आंदण चिंच लावून घासून घेतलं होतं: पाण्याचे दोन थोरले, गोल पोटाचे गुंड आणि एक परात, दिघोरीहून माहेरची आलेली. ती फोनच्या फळीवर मांडायला लावली. खाटेवरून हुकूम चालू, "जराशीक इकडं. अजून. आता फिरव थोडं." म्हातारपणाचा हट्ट, म्हणून मी सोडून दिलं. पुढे राऊटर आला तो मी त्यांच्याच मागे ठेवला आणि तारा झाकल्या गेल्या म्हणून खूशही झाले. भंडाऱ्याच्या माणसाला पितळ आड येतं हे सुचायचंच नाही; हे पितळेच्या भांड्यांचंच गाव, ते घरोघरी असतं, आणि असतं तसंच चांगलं दिसतं. पण ज्या पत्र्यातून उजेड जात नाही, त्यातून वायफाय तरी कसं जावं?

आता ती भांडी हलवा म्हणायचं कोणी? मी शब्द जुळवत पडून होते, आणि पडल्या पडल्याच मला ते दिसलं. मोठ्या गुंडाच्या पोटात आमची पुढची खोली होती. वाकडी, इवलीशी, पण सगळी: खिडकी, कोपऱ्यातलं टेबल, माझी खुर्ची, खुर्चीवर टाकलेली माझी ओढणी. खाटेवरून दारातून नुसती फळीची भिंत दिसते. टेबल दिसत नाही.

"आई, तुम्ही यात मला बघत होतात?"

डॉक्टरांनी कितीदा सांगूनही त्या भिंतीकडे कूस वळवत नसत, दाराकडेच तोंड. तशाच दाराकडे बघत म्हणाल्या, "मंग काय करू? तू हाये का गेली, मले कसं मालूम पडन? ओट्यावर फोनवर तू नागपूर नागपूर म्हनत होती."

मला रडूच आलं. मी ते लपवलंही नाही.

"रडून कायले रायली? काढ ते भांडे," आई म्हणाल्या. "आता तं तू इथंच बसशीन. मंग गुंडात कायले पाहू?"

भांडी काढून मी आतल्या कोनाड्यात ठेवली. लॅपटॉपने किल्ली विचारली, मी दिली, आणि तो गुमान जोडला गेला. त्या दिवसापासून काम वेळेवर जायला लागलं. महिना संपल्यावर मॅडमनी नागपूरचं नाव काढलं नाही.

"लागलं?" त्या दिवशी तो जोडला गेल्याबरोबर आईंनी विचारलं.

"लागलं."

"आता नाही ना जात?"

"नाही जात."

मी हेडफोन घातले आणि टाइप करायला लागले. थोड्या वेळाने खाट कुरकुरली म्हणून मान वर केली. आईंनी माझा हात धरून कूस बदलली आणि त्या भिंतीकडे तोंड करून झोपी गेल्या.