चौकातल्या याद्या आणि रिकामा डबा

अमेरिकेत, पिस्कॅटवेजवळच्या एका कॉलेजात मी रोमन इतिहास शिकवते. त्या सत्रात यादवीचा धडा चालला होता. जिंकलेला गट चौकात फळ्यांवर नावांच्या याद्या लावायचा. ज्याचं नाव लागलं त्याला कुणीही मारावं, वर बक्षीस घ्यावं. धरून देणारे पुष्कळदा घरातलेच निघायचे, हे सांगताना मला दरवर्षी चेव येतो.

त्याच सुमारास आमच्या मराठी मंडळात दोन तट पडले. कारण काय, तर गणपती शाळेच्या हॉलमध्ये बसवायचा की देवळात! माझी वीस वर्षांपासूनची मैत्रीण कुठल्याच तटात नव्हती आणि मला तेच खटकायला लागलं. मी हॉलवाल्यांत. आमच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर तीही होती, आणि तिथलं बोलणं दुसऱ्या दिवशी पलीकडे पोचलेलं असायचं. ती नागपूरची, पलीकडचा म्होरक्याही नागपूरचा. पुरावा एवढाच. ग्रुपची ॲडमिन मी. तिला काढून टाकलं, नंबरही ब्लॉक केला. एकदा विचारून बघावं असं मनातसुद्धा आलं नाही.

पंधरा दिवसांनी, शनिवारी सकाळी बेल वाजली. कॅमेऱ्यात बघितलं तर ती, हातात माझा चिवड्याचा डबा. आली वास काढायला, असं मनाशी म्हणत मी फोन धरून जिन्यात गुपचूप बसून राहिले. ती बराच वेळ उभी होती. मग डबा पायरीवर ठेवून गेली.

उघडला तर रिकामा. आपल्यात डबा रिकामा कोणी परत करत नाही. काहीच नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. वीस वर्षांत तिने असं कधी केलं नव्हतं. मी तडक ग्रुपवर लिहिलं, ‘बघा, माझा संशय खरा निघाला.’ सात जणांचे अंगठे आले. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

पुढच्या आठवड्यात आयसेलिनला भाजी घेताना मंडळातल्या एक वयस्कर काकू भेटल्या. मी डब्याची हकिगत तिखटमीठ लावून सांगितली. काकूंनी हातातली मेथीची जुडी खाली ठेवली.

“अगं, तिची आई गेली त्याच्या आदल्या गुरुवारी. सुतकात कोणी डबा भरून देतं का? तुला सांगायलाच आली होती ती. फोन लागत नाही म्हणाली.”

भाजी तिथेच टाकून मी गाडी काढली. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

तिने दार उघडलं, जाळीचं मात्र लावलेलंच ठेवलं. डोळे सुजले होते. मला तिच्या गळ्यात पडून रडायचं होतं.

“सॉरी यार, मला माहीतच नव्हतं,” एवढंच तोंडातून निघालं.

तिने माझ्या खांद्यावरून गाडीकडे पाहिलं, आत आणखी कोणी बसलंय का ते. मग हळू आवाजात विचारलं, “तुला कोणी पाठवलं?”