ट्रेवर दोनदा टकटक

त्या दातांच्या दवाखान्यात सगळे तिला मावशी म्हणत. सत्तरी ओलांडलेले पेशंटसुद्धा खुर्चीत आडवे झाले की लहान पोरासारखे विचारत, "मावशी, दुखणार नाही ना?" आणि चोपन्न वर्षांची मावशी त्यांच्या गळ्यात कागदी टॉवेल अडकवत म्हणायची, "दुखलं तर शिव्या मला घाला. डॉक्टरांना घालू नका, ते रुसतात." सत्तावीस वर्षं ती डॉक्टरांच्या समोरच्या बाजूला बसून थुंकी ओढायची नळी धरत आली होती. लोकांच्या तोंडाकडे बघण्यातच जन्म गेला, असं ती स्वतःच सांगायची.

त्या दिवशी मात्र ती सकाळपासून कुणाशी थट्टा करत नव्हती. खुर्चीत खुद्द मोठे डॉक्टर होते, ज्यांनी हा दवाखाना काढला आणि तिला नोकरी दिली ते. खालच्या डाव्या बाजूची त्यांची दाढ वर्षापूर्वी गेली होती आणि तिथं इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवायचा स्क्रू, घालायचा होता. तो घालणार होती त्यांची मुलगी. तिला मावशीनं फ्रॉकमध्ये, नाक पुसताना पाहिलं होतं. आता ती दवाखाना चालवत होती. हाड झिजलेलं होतं आणि त्याखाली दोन मिलीमीटरवर ओठाची नस. नसेला धक्का लागला तर अर्धा ओठ आणि हनुवटी कायमची बधिर.

"आपलेच दात, आपलेच ओठ," मोठे डॉक्टर आडवे होता होता म्हणाले. "चुकलीस तरी तक्रार कुणाकडे करू?"

"बाबा, गप्प बसा आता. तोंड उघडा."

"गप्प बसू की उघडू?"

मुलीनं पोटाला चिमटा काढून नवं यंत्र आणलं होतं. खुर्चीच्या वर दोन डोळ्यांचा कॅमेरा. पेशंटच्या धड दातांवर एक क्लिप घट्ट बसवायची, तिच्या दांडीला ठिपक्यांची चकती. ड्रिललाही तशीच चकती. कॅमेरा दोन्ही चकत्या बघतो आणि आधी काढलेल्या स्कॅनवर ड्रिलचं टोक हाडात नेमकं कुठं आहे, ते पडद्यावर दाखवतो. डॉक्टरनं तोंडात न बघता पडद्याकडे बघत काम करायचं. ठिपका हिरव्या गोलात असला की सगळं बरोबर. "उंटावरून शेळ्या हाकायच्या," असं मोठे डॉक्टर पहिल्या दिवशी म्हणाले होते. पण स्वतःची पाळी आली तेव्हा मुलीला सांगितलं, "करायचं तर तूच कर, आणि तुझ्या यंत्रानंच कर."

मावशीला यंत्राचं वावडं नव्हतं. तिला आठवत होत्या त्या रुमालवाल्या बाई. सत्तावीस वर्षांपूर्वी, मावशीला नोकरी लागून जेमतेम तीन महिने झाले होते, तेव्हा एका शिक्षिकेच्या खालच्या जबड्यात मोठे डॉक्टर ड्रिल घालत होते. ड्रिलवर खोलीच्या काळ्या रेघा असतात. ठरलेली रेघ हिरडीखाली गेली, मावशीनं ती जाताना पाहिली, आणि तिची जीभ टाळ्याला चिकटली. डॉक्टरांना कोण शिकवणार? तेव्हापासून त्या बाईंना चहा हनुवटीवर ओघळलेला कळत नाही. "कधीकधी असं होतं," एवढंच त्यांना सांगितलं गेलं. त्या अजून वर्षातून दोनदा येतात, हातात रुमाल धरूनच. मावशी त्यांना स्वतः आत नेते, स्वतः पाणी देते, आणि त्या "किती करता हो माझं" म्हणाल्या की तिला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

त्या प्रसंगानंतर आठवड्याभरात मोठ्या डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "पेशंटसमोर डॉक्टरला टोकायचं नाही, तो घाबरतो. पण काही वावगं दिसलं तर तोंडात बघायच्या आरशाची दांडी ट्रेवर दोनदा वाजवायची. मी थांबेन." आणि ते थांबायचे. टकटक झाली की हात मागे घ्यायचे आणि पेशंटला म्हणायचे, "जरा चूळ भरा." इतक्या वर्षांत ती खूण आठ वेळा वाजली, त्यातली दोनदा उगाच. मुलीच्या हातात दवाखाना आला तेव्हा मावशीनं तिला हे सांगितलंच नाही. पडद्यावर सगळं दिसत असताना ट्रेवरच्या टकटकीला कोण विचारतो?

अकरा वाजता काम सुरू झालं. मोठ्या डॉक्टरांच्या तोंडावर हिरवी चादर, तोंडापुरतं भोक. डावा हात तेवढा बाहेर. प्रत्येक ड्रिलच्या आधी मुलगी त्याचं टोक पुढच्या एका दातावर टेकवायची आणि पडद्यावरही ते त्याच दातावर टेकलंय ना, हे बघायची. पहिलं ड्रिल, टेकवलं, बरोबर. दुसरं ड्रिल, टेकवलं, बरोबर.

मग मोठ्या डॉक्टरांनी घोट गिळायला जीभ उचलली, मावशीनं नळी पटकन आत सरकवली आणि नळीचं वाकण क्लिपच्या दांडीला लागलं. खट. कुणाला ऐकूसुद्धा आलं नसेल.

मावशीनं क्लिपकडे पाहिलं. मघाशी तिची कड दाताला घट्ट चिकटलेली होती. आता मधे दाताची ओली रेघ चमकत होती, नखाएवढ्या जाडीची. की मघाशीही होती? पडद्यावर सगळं हिरवं होतं. असणारच. कॅमेऱ्याला दात कुठं दिसतात, त्याला फक्त चकती दिसते. क्लिप सरकली तर जबडाच सरकला, असं समजून तो बिचारा इमानेइतबारे चुकीचं दाखवत राहणार.

"बाबांचा जबडा दुखायला लागलाय," मुलगी म्हणाली. "हे शेवटचं, पटकन उरकते." आणि तिसरं ड्रिल तिनं दातावर न टेकवताच आत घातलं.

मावशी सांगायला पुढे झुकली आणि अडली. बोलावं तर पेशंटसमोर, आणि पेशंट म्हणजे डॉक्टरचा बाप. वर चूक तिची स्वतःची. आणि नसलीच सरकली तर? म्हातारी झाली, हिला आता दिसत नाही, असं म्हणतील. सात मिलीमीटर खोल, पडद्यावरचा आकडा म्हणाला. आठ. सत्तावीस वर्षांपूर्वीची ती काळी रेघ तिला डोळ्यांसमोर दिसत होती आणि तरीही तोंड उघडेना. लाज वाटली तिला स्वतःची.

तिनं आरसा उचलला आणि ट्रेवर वाजवला. टक, टक.

"मावशी, ट्रे हलवू नका," मुलगी पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. नऊ.

टक, टक.

चादरीबाहेरचा डावा हात ताडकन वर आला. मुलीनं पाय ड्रिलच्या पेडलवरून काढला. "बाबा, दुखतंय?"

हात हलला, नाही म्हणाला. मग त्याचं बोट मावशीकडे वळलं.

"काय झालं, मावशी?"

आता सुटका नव्हती. "क्लिप सरकलीय," मावशी म्हणाली, आणि आपला आवाज तिला भलताच मोठा वाटला. "माझ्याच नळीचा धक्का लागला."

मुलीनं ड्रिल बाहेर काढून टोक पुढच्या दातावर टेकवलं. पडद्यावर ते दाताच्या बाजूला, दोन मिलीमीटर दूर, हवेत लटकत होतं. नवा स्कॅन काढला. खड्ड्याचा तळ हाडातल्या नसेच्या नळीला टेकल्यासारखा दिसत होता. खरंच टेकला की जेमतेम वाचला, हे सांगणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं. मुलीनं स्क्रू बसवलाच नाही. टाके घातले. तिचे हात स्थिर होते, पण मास्कच्या वर डोळे भरून आले होते.

बधिरपणाचं इंजेक्शन दोनच्या सुमारास उतरायला हवं होतं. ओठ जागा झाला तर नस वाचली. मुलगी डोळे पुसून पुढच्या पेशंटकडे गेली, दारात चौघे बसले होते. मोठे डॉक्टर मागच्या खोलीतल्या खुर्चीत डोळे मिटून बसले. मावशी कापसाची वात घेऊन समोर. ती ओठाला वात लावायची. कळलं तर त्यांनी बोट उचलायचं.

दीड वाजता बोट हललं नाही. दोन वाजता नाही. सव्वादोनला मावशीनं वात तीनदा फिरवली. हनुवटीवरून लाळेचा एक थेंब ओघळला आणि त्यांना पत्ता नव्हता. मावशीनं तो रुमालानं टिपला, आणि हातातला रुमाल बघून तिला राहवेना.

"मला आधीच दिसलं होतं," ती म्हणाली. "अर्धं मिनिट गप्प बसले मी. वाजवायला पाहिजे होतं, तर विचार करत बसले."

"अर्धं मिनिट?" अर्ध्या तोंडानं ते बोबडं बोलले. "त्या बाईंच्या वेळी तर अजिबात बोलला नव्हतात."

मावशीनं वात खाली घेतली. "तुम्हाला माहीत होतं?"

"मास्कवर डोळेच तर दिसतात माणसाचे. रेघ आत गेली तेव्हा तुमचे डोळे एवढे झाले होते. मी पाहिले." ते जरा थांबले. "आणि तरी थांबलो नाही. नोकरीला तीन महिने झालेल्या बाईकडे बघून मी थांबायचं? ती टकटक तुमच्यासाठी नव्हती, मावशी. मला डोळे बघून थांबता येत नव्हतं, म्हणून कानाची सोय केली."

सत्तावीस वर्षं एकटीनं वाहिलेलं ओझं दुसऱ्याच्याही डोक्यावर होतं, हे कळून तिला हलकं वाटायला हवं होतं. तिला राग आला, खूप राग आला, आणि डोळ्यांतून पाणी येत असतानाच तिनं वात पुन्हा ओठाला लावली.

खुर्चीच्या हातावर त्यांचं बोट वाजलं. टक, टक.

"उगाच माझ्यासाठी वाजवू नका," ती म्हणाली. "डोळे मिटा." तिनं वात लांब धरली. काही नाही. हनुवटीला लावली. टक, टक. ओठाच्या कोपऱ्याला लावली. टक, टक.

मुलगी दारात येऊन उभी होती. तिनं वात हातातून घेतली, स्वतः लावून पाहिली, आणि बापाच्या खांद्यावर डोकं टेकून हुंदके देऊ लागली. "गुदगुल्या होतायत," ते म्हणाले, पण त्यांचा हात तिच्या केसांवर होता. ती सावरली तेव्हा मावशीकडे वळली. "पुढच्या वेळी ट्रे वाजवू नका. ओरडा."

"पेशंटसमोर?"

"पेशंटसमोर."

मावशीनं कापूस कचऱ्यात टाकला, हात धुतले, आणि भिंतीवरच्या वेळांच्या तक्त्याकडे बघत म्हणाली, "गुरुवारी रुमालवाल्या बाई येणार आहेत. सकाळी साडेदहाला."

मोठे डॉक्टर एका बोटानं आपला खालचा ओठ डावीकडून उजवीकडे चाचपत राहिले.

"मी सांगणार आहे त्यांना," मावशी म्हणाली. "तुम्ही याल का?"

"येतो," ते म्हणाले.