पाटावर बसलेला देव

राजवाड्याच्या ओसरीवर खांबाला टेकून बसले आहे. सकाळपासून बोलावणं नाही. चालून चालून पाय सुजलेत. डोळे मिटतात, उघडतात, पुन्हा मिटतात. आत राजेसाहेबांपुढे आमच्या मठाची पोथी आहे. तिच्यातली एक ओवी खोटी आहे, एवढं मी म्हणायचं. मग पोथी परत. नाहीतर जाळणार.

कातडें कमावी तयाचे घरीं । देव बैसला पाटावरी । तेथ सोवळें कोण विचारी । जेवितां देवा ॥

शेजारी कुणी बसतं. येसूअक्का. माझी गुरू. हीच ओवी खोडायला नकार दिला म्हणून याच वाड्याच्या कोठडीत वारली ती, गेल्या साली.

"सरक गं मैने, सावलीत घे मला."

मी सरकते. पायऱ्यांखाली आता नदी आहे. अक्का पाण्यात पाय सोडते.

"अक्का, थकले मी. एक ओवी गेली तर काय बिघडतं? बाकीची पोथी तरी वाचेल."

"मलाही तसंच वाटलं होतं."

"तुला?"

"हो तर. गुडघे लटपटत होते. म्हणून खाली बसले, तर त्यांना वाटलं, बाई उद्धट आहे." ती हसते, मग खोकत राहते. "पण राही आठवली. चांभारवाड्यातली. ही ओवी ऐकूनच ती मठाच्या उंबऱ्याच्या आत आली ना? ओवी खोडायची म्हणजे तिला उठवून बाहेर काढायचं. ते माझ्याच्यानं होईना."

नदीवर पंगत बसली आहे. राही वाढते आहे. शेवटच्या पानावर राजेसाहेब, पागोट्याशिवाय, म्हातारे. पान कोरडं.

"यांना वाढलं नाही?"

"ती वाढतेय. तेच घेत नाहीत."

"पोथी जळेल, अक्का."

"जळेल. मग तुलाच रोज तोंडानं म्हणावी लागेल. कंटाळशील." ती माझ्या तोंडात काहीतरी घालते. "खा. रिकाम्या पोटी आवाज फुटत नाही."

"मैनाबाई, बोरवड मठ!" चोपदार ओरडतो.

खांब. ऊन. शेजारी कुणी नाही. कालपासून अन्नाचा कण पोटात नाही, तरी गालात गुळाचा खडा आहे. भिंतीला धरून उठते. दारात तो खडा दाताखाली फोडते, गिळते, आणि राजेसाहेबांनी विचारायच्या आधीच सांगते, "ओवी खरी आहे."