टीव्ही घेऊन डबी आणायला

माझं शिक्षण चौथीपर्यंत झालेलं आहे. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, आणि अक्षर तर असं आहे की ते वाचता वाचता आमच्या ह्यांच्या चष्म्याचा नंबर दोनदा बदलला. वाचणाऱ्याने माफ करावं. चारचौघांत मला बोलता येत नाही, म्हणून मी लिहिते. लिहिताना मध्येच कुणी तोडत नाही.

तर सांगायचं असं की, आमच्या घरचा टीव्ही एकदा रिक्षात बसून सोलापूरच्या नव्या पेठेत जाऊन आला आहे.

झालं ते आमच्या अक्कांमुळे. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. त्या करमाळ्याला असतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे जुळे सोलापुरात राहायला आल्या होत्या. ऑपरेशन छान झालं, पट्टी निघाली, डॉक्टरांनी टीव्ही बघायला परवानगी दिली. अक्कांनी आधीच जाहीर करून ठेवलं होतं, नव्या डोळ्याने पहिल्यांदा लेकीचं लग्न बघायचं!

त्या लग्नाचं शूटिंग आमच्या रेखाने केलं होतं. रेखा माझी मुलगी, पुण्यात कॅमेऱ्याचं काम करते. (मुलगी कॅमेऱ्याचं काम करते म्हटलं की आमच्या बिल्डिंगमधल्या बायका विचारतात, "म्हणजे झेरॉक्सच्या दुकानात का?" मी मान हलवते. लाजऱ्या माणसाला ते सोपं पडतं.) तिचा कॅमेरा अक्कांच्या पैशांतून आला होता. बोली अशी झाली होती की रेखाने अक्कांच्या धाकटीच्या लग्नाचं शूटिंग करायचं. ते अक्कांच्या मनास आलं, तर पैसे फिटले. नाही आलं, तर पै न् पै परत.

"नात्यातली हाय म्हून मी उगं खोटं कवतिक करायची न्हाय," असं अक्कांनी तेव्हाच बजावलं होतं. आणि अक्का दिलेला शब्द पाळतात. विशेषतः असला!

रेखाने पेनड्राइव्ह पाठवला होता. "आई, सगळ्यात चांगली कॉपी तुला पाठवलीय," असंही फोनवर म्हणाली होती. दुपारी जेवणं झाल्यावर ह्यांनी तो टीव्हीला जोडलेल्या जुन्या डबीला, म्हणजे प्लेअरला, लावला. अक्का पुढच्या खुर्चीत, मी मागे. लग्न सुरू झालं.

देवा! सगळा मांडव राखेने माखल्यासारखा. हळदीची नवरी कणकेच्या डब्यात पडल्यासारखी. झेंडूच्या माळा बघून वाटावं, पालापाचोळा ओवलाय. आणि अक्कांनीच मला आहेरात दिलेली डाळिंबी साडी नेसून मी दारात उभी होते, ती साडी म्हणजे फरशी पुसून वाळत घातलेलं फडकं!

अक्का ताडकन उठल्या.

"अगं बया! माजा डोळा गेला!"

"वहिनी, असं काय करता?" हे घाबरले.

"सगळं राखाडी दिसतंय मला! आप्रेशन वाया गेलं! फोन लावा त्या डाक्टरला!"

ह्यांनी खरंच फोन हातात घेतला. एवढ्यात अक्कांची नजर भिंतीकडे गेली.

"थांबा. त्यो कॅलेंडरवरचा गणपती शेंदरी हाय नव्हं?"

"हो अक्का."

"आन् तुज्या टोपलीतलं टमाटं लाल हाय?"

"लालभडक आहे."

अक्का शांतपणे खाली बसल्या. मला त्यांच्या ओरडण्यापेक्षा ही शांतता जास्त भीतीची वाटते.

"मंजी माजा डोळा बरा हाय. तुज्या लेकीचा क्यामेरा आंधळा हाय!"

पैशांचं एक वेळ बघता आलं असतं. पण परवा अक्कांचे जावई त्यांना न्यायला येणार होते. करमाळ्यात अक्का एकदा बोलल्या की ते मार्केट यार्डातल्या भावासारखं अख्ख्या तालुक्यात लागू होतं. "सुमनच्या पोरीला शूटिंग येत न्हाय" हे एकदा लागू झालं, की रेखाला पुढची दहा वर्षं त्या भागात कुणी बारशाला सुद्धा बोलावलं नसतं!

मी रेखाला फोन लावला. ती कुठल्यातरी डोंगरात शूटिंगला गेली होती. निम्मं बोलणं वाऱ्यात जात होतं.

"आई, रंग सगळे आहेत गं त्यात! एचडीआर आहे ते. उजेड, अंधार, रंग, सगळं जास्तीचं साठवलंय. आपल्या जुन्या डबीला ते समजत नाही. मी परत आले की साधी कॉपी करून देते."

"कधी येणार?"

"पंधरा दिवसांनी."

"अक्का परवा चालल्यात!"

"मग एचडीआर समजणारा प्लेअर आणा. पण आई, नुसतं खोक्यावर लिहिलेलं बघून घेऊ नकोस हं, महत्त्वाचं काय माहितीय का, आपला टीव्ही..."

इथे फोन तुटला. महत्त्वाचं डोंगरातच राहिलं.

पण मला धीर आला होता. रंगाचाच प्रश्न आहे ना? मग तो माझ्या समजुतीतला आहे! मी डाळिंबी साडी पिशवीत घातली आणि ह्यांच्या रिक्षातून नव्या पेठेत रफिकभाईंच्या टीव्हीच्या दुकानात गेले.

"या भाभी. कौनसा दिखाऊं?" रफिकभाईंनी काउंटरवर डब्यांची रांग लावली. सगळ्यांवर एचडीआर लिहिलेलं. एकावर तर तीन ठिकाणी.

मी पिशवीतून साडी काढली आणि त्यांच्यापुढे ठेवली.

"ह्याला मॅचिंग होणारा द्या."

रफिकभाई साडीकडे बघत राहिले. मग अगदी अदबीने म्हणाले, "भाभी, ब्लाऊजपीसचं दुकान पलीकडं हाय."

शेवटी ह्यांनी सगळं सांगितलं. रफिकभाईंनी पेनड्राइव्ह एका डबीला लावला, डबी त्यांच्या भिंतीवरच्या खाटेएवढ्या टीव्हीला जोडली, आणि काय सांगू! नवरी पिवळीधमक. झेंडू भगवा. मी दारात, आणि माझी साडी डाळिंबी! मी हातातली साडी पडद्याजवळ धरली. जुळल्यासारखी वाटत होती. पण वाटण्यावर कुठली बाई कापड घेते? दुकानाच्या दिव्यात सगळेच रंग चांगले दिसतात. रंग बघायचा तर उंबऱ्यावर येऊन, उन्हात.

"जरा उन्हात घेता का?" मी हळूच म्हटलं.

"साडी? घ्या की."

"नाही. टीव्ही."

रफिकभाईंनी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी आभाळाकडे बघितलं. पण गिऱ्हाईक म्हणजे गिऱ्हाईक. दोन माणसं लागली, तो खाटेएवढा टीव्ही दारापर्यंत आला, आणि उन्हात टीव्हीवर काहीच दिसेना! मग मी चार पावलं मागे सरकवायला सांगितला, मग दोन पुढे. शेवटी उंबरा आणि पंख्याच्या मध्ये कुठेतरी जागा सापडली. रंग तंतोतंत जुळला. डबी घेऊन मी अशा तोऱ्यात रिक्षात बसले की ह्यांनी आरशातून दोनदा बघितलं, मीच आहे का म्हणून.

घरी आलो. डबी लावली. अक्का समोर बसल्या.

मांडव राखाडी. झेंडू राखाडी. मी फडकं.

"झालं मॅचिंग?" अक्का म्हणाल्या.

हे डबी उलटीसुलटी करत होते. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी वाजवली. (रडण्यापेक्षा ते बरं. कुणी विचारत नाही.) कुकर घासता घासता त्याची रबरी रिंग हातात आली, आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं! रिंग आणायला जाताना आपण कुकर घेऊन जातो की नाही? मी काय केलं होतं? दुसऱ्याच्या कुकरला रिंग बसवून बघितली आणि ऐटीत घरी घेऊन आले!

मी बाहेर येऊन ह्यांना म्हटलं, "टीव्ही काढा भिंतीवरून."

"विकायचाय?"

"न्यायचाय."

"मी बी येनार," अक्का उठल्या. "सुमे, आता काय तमाशा करतीस ते मला माज्या नव्या डोळ्यानं बघायचंय."

टीव्हीला आम्ही घरातली सगळ्यात जाड चादर गुंडाळली. मी साडी आता पिशवीत न घेता नेसूनच घेतली, म्हणजे मॅचिंगला सोपं. रिक्षात मागे मी आणि अक्का, आणि दोघींच्या मांडीवर आडवा टीव्ही. चौकात ह्यांच्या ओळखीचा एक रिक्षावाला शेजारी थांबला, चादरीकडे बघून त्याने टोपी काढली आणि हळू आवाजात विचारलं, "घरातलं कोण व्हतं ओ?"

"टीव्ही हाय!" अक्का आतून गरजल्या. तो बिचारा सिग्नल सुटायच्या आधीच निघून गेला.

आम्हाला टीव्ही उतरवताना बघून रफिकभाईंनी कपाळाला हात लावला. पण मी कुकरचं उदाहरण दिल्यावर त्यांची मान डोलली.

"समझ्या, भाभी. गलती मेरी बी हाय. मी मेरे टीव्हीपे दिखाया. मेरा टीव्ही महागडा, एचडीआर झेलता. ही डबी रंग जैसा के वैसा पुढं ढकलती, तुमच्या साध्या टीव्हीला झेपत नाही. रंग बेतानं उतरवके देनेवाली डबी होना आपकू."

हे मला लगेच कळलं. मोठ्यांसाठी केलेली झणझणीत भाजी पोरांना देताना आपण त्यात दही कालवतो, तसंच. चव तीच, पण झेपेल इतकी. मग एवढं साधं ते खोक्यावर का लिहीत नाहीत?

आमचा टीव्ही काउंटरवर चढला. पहिली डबी लावली, तर सगळं राखाडी. दुसरी लावली, तर नवरदेवाचं तोंड उकडलेल्या बिटासारखं. तोपर्यंत दुकानात आलेली माणसं आपापली कामं विसरून आमच्या मागे उभी राहिली होती.

तिसरी लावली.

हळद हळदीसारखी. मुंडावळ्यांचा मोती न् मोती मोजून घ्यावा असा. नवरीच्या डोळ्यांत पाणी आलेलं, ते सुद्धा चमकत होतं. अक्का पुढे झाल्या. त्यांनी एकदा टीव्हीतली साडी बघितली, एकदा माझ्या अंगावरची. माझा पदर हातात धरून थेट पडद्याला लावला. (पदरामागोमाग माझं पोटही पडद्याला लागलं, पण मॅचिंगपुढे इलाज नव्हता.)

"डाळिंबी हाय," त्या म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता. "माजी पोरगी बघ कशी दिसाय लागलीय."

मागून एका गृहस्थांनी विचारलं, "शूटिंग कुणी केलंय हो? आमच्याकडं लग्न हाय."

मी तोंड उघडलं, पण आवाज फुटायच्या आधीच अक्का वळल्या.

"माज्या पुतनीनं! रेखा नाव तिचं! पुन्याला असती! नंबर घ्या लिहून, मागनं मिळायची न्हाय!"

खरं सांगते, त्या क्षणी माझी छाती इतकी फुगली की डाळिंबी ब्लाऊजचं एक हुक सुटलं. माझी रेखा, आणि भर नव्या पेठेत अक्का तिच्या नावाने ओरडतायत! मी पदर सावरत होते तेवढ्यात रफिकभाई म्हणाले, "भाभी, अभी अंधारवाला हिस्सा देखो. डबीची खरी परीक्षा अंधारात."

अक्षता पडत होत्या. मांडवाच्या मागे, पडद्याच्या आड, अगदी काळोखाचा एक कोपरा होता. घरी तो कोपरा नुसता राखेचा ढीग दिसला होता. आता मात्र स्वच्छ दिसायला लागलं. तिथे पातेलं होतं. पातेल्यात बुंदीचे लाडू होते. ज्या लाडवांना वरपक्षाची पंगत उठेपर्यंत कुणी हात लावायचा नाही असा अक्कांचा हुकूम होता, ते लाडू. आणि पातेल्याशेजारी डाळिंबी साडी नेसलेली एक बाई पाठमोरी बसली होती. तिने अख्खा लाडू तोंडात कोंबला, इकडे तिकडे बघितलं, आणि थेट कॅमेऱ्याकडे वळली. दोन्ही गाल भरलेले!

माझ्या पोटच्या पोरीने मला त्या काळोखातही सोडलं नव्हतं.

"वा! क्या चीज है!" रफिकभाईंनी तेवढंच चित्र थांबवून ठेवलं. "देखो भाभी, बुंदी का दाना दाना दिखता! मिशीवरचा बी!"

दुकानातली सगळी माणसं टीव्हीकडे बघत होती. मग एकेक करून सगळ्यांनी माझ्या साडीकडे बघितलं. मी साडी नेसून आले होते, हे मी आधी सांगितलंच आहे. हे तर पावती करायला गेले ते तिकडेच वळून हसत उभे राहिले. मी डब्यांच्या ढिगाआड बसायला लागले, तर अक्कांनी दंडाला धरून मला वर काढलं. म्हटलं, आता ह्या सगळ्यांदेखत काय ऐकावं लागतंय!

अक्कांच्या नव्या डोळ्याला पाणी आलं होतं. हसून हसून त्यांना धड बोलता येत नव्हतं. डॉक्टरांनी डोळा पुसायचा नाही असं सांगितलेलं, म्हणून त्यांनी माझ्याच पदराचं टोक नुसतं गालापाशी धरलं, आणि अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाल्या,

"जा सुमे, फिटलं पैसं! सगळं फिटलं! लाडवाचं सुदिक धरून!"