बद्द मुकादमाची लेक

पुलांची ताकद कशी तपासायची, हे शास्त्र मी विद्येच्या ओढीनं शिकले नाही. मला एका माणसाचं नाक कापायचं होतं. तो माणूस पुण्याच्या एका कॉलेजात हेच शास्त्र शिकवायचा, म्हणून मीही तेच शिकले. लोक विचारतात, मुलगी असून या उन्हातान्हाच्या कामात कशी पडलात? मी काहीतरी गोडगोड सांगते. खरं कारण आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आबा, म्हणजे माझे वडील, सडकेच्या कामावर मुकादम होते. न्हावऱ्याकडून येणाऱ्या रस्त्याचा एक तुकडा त्यांच्या टोळीकडे होता. खड्डे बुजवायचे, कडेचं गवत काढायचं, मोऱ्या साफ करायच्या. त्याच तुकड्यात ओढ्यावरचा एक जुना काँक्रीटचा पूल होता. पावसाळा सरला की आबा हातोडी घेऊन पुलाखाली उतरायचे आणि तुळया ठोकून बघायचे. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. बाजारात मडकं घेताना आपण वाजवून बघतो, तसा ते पूल वाजवून बघायचे. खणखणीत आवाज आला की पुढं सरकायचं, बद्द आवाज आला की तिथं चुन्याची खूण करायची.

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना दिवाळीला घरी आले, तर आबांचं जेवणावर लक्ष नव्हतं. पुलाच्या मधल्या गाळ्यातल्या, म्हणजे दोन खांबांमधल्या भागातल्या, दोन तुळया बद्द वाजत होत्या आणि एकीला नख शिरेल एवढी भेग गेली होती. त्यात उसाचा हंगाम तोंडावर. बांधकाम खात्याच्या साहेबांना दोनदा सांगूनही कुणी फिरकलं नाही, तेव्हा आबांनी पुलाच्या दोन्ही तोंडांना बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या, लाल फडकं बांधलं आणि जड गाड्या अडवल्या. ट्रकवाले, ऊसवाले, यष्टीनं जाणारे, सगळे आबांच्या नावानं बोटं मोडायला लागले. शेवटी पुलाची चाचणी घ्यायचं ठरलं आणि पुण्याच्या कॉलेजातले ते सर आले.

ही चाचणी समजायला अवघड नाही. पुलाच्या पोटाला खालून घड्याळासारख्या तबकड्या टेकवतात. वर मोजून भरलेले ट्रक उभे करतात. पूल वाकतो, किती वाकला ते तबकडीवर दिसतं. एक दिवस वजन तसंच ठेवतात, मग काढतात, आणि पूल पुन्हा किती वर आला ते बघतात. वाकणं हा पुलाचा दोष नव्हे. वजन उतरल्यावर जो पूल पुरेसा वर येत नाही, तो आतून गेलेला.

ट्रकमध्ये भरली होती वाळू, सकाळीच भीमेच्या पात्रातून काढलेली. साखर कारखान्याच्या काट्यावर ट्रक वजन करून आणले आणि पुलावर उभे केले. आमच्या भागात शेंबडं पोरही जाणतं की नदीतून काढलेली वाळू दिवसभर निथळत असते. केडगावच्या बाजूला घर बांधणारा माणूस ढीग निथळल्याशिवाय त्याला हात लावत नाही. पुण्याच्या सरांना हे माहीत नव्हतं. मी पुलाखाली उभी होते आणि माझ्या डोक्यावर, खांद्यावर पाणी टपकत होतं. पुलावरचं वजन माझ्या डोळ्यांदेखत ओढ्याला जाऊन मिळत होतं.

आबा टोपी हातात घेऊन सरांकडे गेले. म्हणाले, "सायेब, वाळू निथळतीया. सकाळचं वजन आता ऱ्हायलं न्हाई. ट्रक पुन्यांदा काट्यावर न्यायला पायजेत."

सर खुर्चीत बसून शहाळं पीत होते. त्यांनी जमलेल्या लोकांकडे बघितलं आणि हसून म्हणाले, "मुकादम, हातोडी वाजवून पूल कळला असता, तर आम्ही शिकलो कशाला?"

लोक खो खो हसले. दुसऱ्या दिवशी पूल झकास वर आला. हलकं झालेलं वजन पेलायला त्याला काय लागत होतं? सरांनी पूल सुरक्षित असल्याचं सांगितलं आणि फांद्या ज्यानं टाकल्या त्यानंच उचलाव्यात असं फर्मावलं. आबांनी सगळ्या गावासमोर एकेक फांदी ओढून बाजूला नेली. काटे लागून त्यांच्या हातातून रक्त येत होतं आणि तेवढ्यात सर गाडीत बसून निघून गेले.

आबांची बदली कासुर्डीच्या बाजूला झाली. पण खरी शिक्षा गावानं दिली. त्यांचं नाव पडलं 'बद्द मुकादम'. ते हॉटेलात शिरले की कुणीतरी टेबलावर टकटक करायचं आणि दुसरा लांबून ओरडायचा, "बद्द!" आबांनी बाहेरचा चहा सोडला. मी ते बघत होते आणि दात खात होते. गावाचा राग मला आला नाही. गावाला हसायला ज्यानं शिकवलं, त्याचा आला.

पदवी झाल्यावर मी पुढच्या शिक्षणासाठी सरांच्याच हाताखाली गेले. आमचं आडनाव गावोगाव सापडतं, त्यांना काही ओळख पटली नाही. मी त्यांच्या पिशव्या उचलल्या, त्यांचे निबंध टाइप केले, त्यांच्या विनोदांना हसले. ते मला मानसकन्या म्हणायचे. मी मान डोलवायचे आणि मनात म्हणायचे, थांबा, तुमची वेळ येऊ द्या.

पहिल्याच वर्षी त्यांच्या कपाटात आमच्या पुलाचा अहवाल सापडला. मी तो वसतिगृहावर नेला. ओली वाळू किती निथळते हे बादली भरून, टांगून, वजन करून पाहिलं आणि सगळं गणित नव्यानं मांडलं. आबांचं बरोबर होतं. पूल नापास होता. कागदाची घडी करून मी ट्रंकेत तळाशी ठेवली. तेव्हा बोलले असते तर काय झालं असतं? सरांनी चूक गुपचूप दुरुस्त केली असती, वर माझी पाठ थोपटली असती. मला ते चारचौघांत हवं होतं, त्याच पुलावर, त्याच लोकांसमोर.

आबा मात्र गप्प बसले नव्हते. ते दरवर्षी पुलाबद्दल अर्ज द्यायचे. एकदा अर्ज घेऊन पुण्यालाच आले. म्हणाले, "तू आता मोठी शिकलीयास. खाली तुझी सही कर, म्हंजी वाचतील तरी."

मी म्हणाले, "थांबा आबा, अजून वेळ आली नाही."

त्यांनी अर्ज खिशात ठेवला आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. असं तीनदा झालं. पावसाळ्यात पेपर हातात आला की मी आधी आमच्या तालुक्यात पूल पडल्याची बातमी शोधायचे. नसली की निर्धास्त होऊन कामाला लागायचे.

वेळ आली ती दोन हजार साल उलटून गेल्यावर, पहिल्या चाचणीनंतर आठ वर्षांनी. उसाच्या ट्रॉल्या वाढल्या, पूल पुन्हा तपासायचं निघालं, आणि मी तोवर पूल तपासायची कामं घेऊ लागले होते, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. सर निवृत्त झाले होते. मीच आग्रह करून त्यांना तज्ज्ञ म्हणून बोलावलं. वाळू तीन आठवडे वावरात पसरून वाळवली. ट्रकवर ताडपत्री बांधली. काट्यावर आधी वजन, शेवटी वजन. उन्हानं पूल फुगतो, म्हणून तबकड्या रोज उजाडताना एकाच वेळेला वाचल्या. सरांना बोट ठेवायला जागा मिळू नये एवढं मी जपलं. गावाला निरोप धाडला. आबांना धुतलेली टोपी घालून पुढं उभं केलं.

वजन उतरवल्याच्या दुसऱ्या सकाळी मी सरांना परांचीवर चढवलं. म्हणाले, "सर, तुम्हीच वाचा. मोठ्यानं वाचा."

त्यांनी चष्मा पुसला, आकडा वाचला, थांबले, शेजारची तबकडी वाचली. पूल निम्मासुद्धा वर आला नव्हता. मग मी सगळं सांगितलं: ओली वाळू, पुलाखाली टपकणारं पाणी, त्यांनी आबांना दिलेलं उत्तर शब्दन् शब्द, आणि मी कोणाची मुलगी ते. ट्रंकेतला कागद त्यांच्या हातात दिला.

सरांनी कागद उघडून वाचला. "अगं, मला खरंच वाटलं होतं पूल ठीक आहे," ते म्हणाले. "वाळूचा मी विचारच केला नाही." ते परांचीवरून उतरायला लागले. मी हात दिला नाही. गर्दीत कुणी हसत नव्हतं, सगळे आबांकडे बघत होते. तो क्षण मला गोड लागला. आजही लागतो, खोटं कशाला बोलू.

आबा पुढं आले. मला वाटलं पाठीवरून हात फिरवतील. त्यांनी सरांच्या हातातला कागद घेतला, उलटापालटा केला.

"ह्ये गणित कवा मांडलंस?"

"पहिल्याच वर्षी, आबा. पुराव्यासकट."

"म्हंजी मी अर्ज घिऊन आलतो, त्याच्या आदी?"

"हो."

रस्त्यावर अडवलेली यष्टी उभी होती. शाळेची पोरं खिडक्यांतून वाकून बघत होती. आबांनी तिकडं बघितलं, मग माझ्याकडे.

"माझं कुणी ऐकत न्हवतं. तुझं ऐकलं असतं," ते म्हणाले. मग सरांकडे बोट दाखवून हळूच म्हणाले, "ह्या सायबाला ठावं न्हवतं, पोरी. तुला ठावं व्हतं."