शोकेसमधले तिघे

साताऱ्यातल्या आमच्या फोटो स्टुडिओच्या शोकेसमध्ये मी एकदा तीन कमांडो लावले आणि वर लाल अक्षरांत लिहिलं, ‘आपले वाघ’. नव्वदच्या दशकातली मी! अक्कल बेताची आणि हौस लय. आज नातवंडांना ‘फोटो जपून टाका’ म्हणून शिकवते, ती हीच बाई.

रोल धुवायला आणणारा फौजी मेढ्याकडचा होता. काश्मीरहून रजेवर आलेला, छातीपर्यंत दाढी. फोटोत तो आणि त्याचे दोन साथीदार, तिघेही तसेच दाढीवाले. दुकानात दुसरं गिऱ्हाईक शिरलं की तो हा फोटो पंजाखाली झाकायचा. बिघडलेली कॉपीसुद्धा त्याने मागून घेतली आणि दारातच काडी लावून जाळली. निगेटिव्ह खिशात घालत म्हणाला, “वैनी, तिकडं आमी साध्या कपड्यांत, अतिरेक्यांच्यातलंच होऊन फिरतो. एकबी फोटो मागं ठेवू नका.”

“छे! मी कशाला ठेवते?” मी म्हणाले. शोकेससाठी काढलेली मोठी कॉपी तेव्हा आत वाळत होती.

शोकेसपुढे गर्दी जमली. एका साप्ताहिकवाल्याने फोटो मागितला, मी दिला. त्याने तो पहिल्या पानावर छापला, आणि मी गल्लीत पेढे वाटले.

मग तो आला, अंक हातात घेऊन. दाढी साफ उतरवलेली. ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने काच सरकवून फोटो काढला आणि घडी घालून खिशात ठेवला.

“अहो, रागावता कशाला?” मी हसत म्हणाले. “दाढी गेली, आता तुम्हाला कोण ओळखतंय?”

“मी रजेवर हाय, वैनी. ही दोघं अजून तिथंच हायती.”