जाधवांची जात बदलते तेव्हा

आमची मनाली स्वस्थ बसली, तर तिला ताप आलाय असं समजावं. त्या आठवड्यात तर तिनं मला अगदी वीट आणला. मी तिची मोठी बहीण. बोरीवलीत दोघी एकाच खोलीत राहतो.

तिचा प्रबंध एका प्रकरणावर अडला होता: जातीमुळे मजुरी अजूनही कमी मिळते का? त्याच त्याच घरी दरवर्षी जाऊन जात नि मजुरी विचारलेली. आता हिशेबाच्या रीती दोन. रँडम इफेक्ट्समध्ये एका माणसाची दुसऱ्याशीही तुलना होते. फिक्स्ड इफेक्ट्समध्ये ज्याची त्याच्याच मागच्या वर्षांशी. यातली कुठली घ्यावी हे ठरवणाऱ्या चाचणीनं कौल फिक्स्डला दिला.

"मग फेऱ्या कसल्या मारतेस?" मी खेकसले.

"अगं, फिक्स्डमध्ये जे बदलत नाही ते गळून पडतं. जात गळायला हवी होती ना? गळलीच नाही! आकडा आलाय."

आकडाही हवा तसाच, जात आडवी येते असं सांगणारा. तिचे मार्गदर्शक नंदकिशोर सर खूश. ही मात्र एकच विचारत राहिली: जात बदलली कुणाची?

शोधल्यावर काही घरं सापडली: आधी 'मराठा', नंतर 'बौद्ध'. त्यातल्या माधुरीताई जाधव जवळच भाड्यानं राहतात. मनालीनं मला ओढतच तिकडे नेलं.

"आधी तुमच्याकडचा तो मुकुल आलेला ना विचारायला," ताई म्हणाल्या, "तेव्हा दारात घरमालक उभा. आमचं आडनाव जाधव, कुठंही खपतं. मग तू आलीस, जयभीम म्हणालीस. तुझ्याशी कशाला खोटं बोलू?" मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "मालकाला नाही ना कळणार गं?"

त्या घरमालकाच्या नावानं माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

सर फोनवर म्हणाले, "राहू दे ना, आकडा आपल्याच बाजूचा आहे." खरं सांगते, मलाही तेच वाटलं. पण जात कुणाचीच बदलली नव्हती, विचारणारा बदलला होता. मनालीनं सगळ्या नोंदी दुरुस्त केल्या आणि गणित पुन्हा चालवलं.

जिच्यासाठी ती वर्षानुवर्षं उन्हातान्हात फिरली, ती जातीची ओळ कोरी झाली. संगणकानं कारण दिलं होतं: बदल नाही.

ते वाचून मनाली आधी हसत सुटली, आणि मग तिला रडू आवरेना.